सुझन अँथनीचा न भरलेला दंड आणि तिच्या वकिलाने भरलेला जामीन

लॉच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय, की अमेरिकेतल्या सुझन बी. अँथनीला १८७३ मध्ये बेकायदा मतदान केलं म्हणून १०० डॉलर दंड झाला, तिने तो कधीच भरला नाही, मग तिला आत का टाकलं नाही? आणि एवढी झुंजार बाई, ती ही केस सुप्रीम कोर्टापर्यंत का घेऊन गेली नाही? कॉलेजमध्ये तिचं यावर प्रेझेंटेशन आहे.

हे खरं तर एकच प्रश्न आहे. तिला आत टाकलं नाही म्हणूनच ती सुप्रीम कोर्टात पोचली नाही. आणि हे दोनदा झालं, एकदा तिच्या स्वतःच्या वकिलाच्या चांगुलपणामुळे आणि एकदा न्यायाधीशाच्या चलाखीमुळे. मी २६ वर्षं जिल्हा कोर्टात फौजदारी आणि कौटुंबिक, दोन्हीकडची कामं करते आणि ही केस मी इतक्यांदा वाचलीय की त्यातली माणसं मला आमच्या बाररूममधली वाटायला लागलीयत, त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

आधी बाई कोण होती ते थोडक्यात. जन्म १५ फेब्रुवारी १८२०, मॅसॅच्युसेट्समधलं ॲडम्स गाव, घर क्वेकर पंथाचं. वडिलांची कापड गिरणी होती, १८३७ च्या मंदीत सगळं बुडालं आणि घरातल्या वस्तूंचा लिलाव पुकारला गेला, मामाने बोली लावून त्यातल्या काही सोडवल्या. पुढे कुटुंब न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला आलं, सुझन शिक्षिका झाली. १८५१ मध्ये तिची एलिझाबेथ केडी स्टँटनशी गाठ पडली आणि ती जोडी पन्नास वर्षं टिकली. स्टँटन लिहायची, अँथनी गावोगाव फिरून बोलायची.

तिने लग्न केलं नाही आणि याला कायद्याच्या अंगाने फार महत्त्व आहे, प्रेझेंटेशनमध्ये हे नक्की घ्या. तेव्हाच्या तिकडच्या कायद्यात बाईचं लग्न झालं की तिचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळून जायचं. कमाई नवऱ्याची, मुलांचा ताबा नवऱ्याचा, स्वतःच्या नावाने करार करता येत नाही की दावा लावता येत नाही. अँथनी अविवाहित होती म्हणून सभेसाठी हॉल भाड्याने घेताना सही करू शकत होती, कर्ज काढू शकत होती. न्यूयॉर्कमध्ये १८४८ चा एक कायदा होता पण तो अर्धामुर्धाच, म्हणून १८५४ पासून तिने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि १८६० मध्ये विवाहित बाईला स्वतःच्या कमाईवर हक्क आणि मुलांच्या पालकत्वात बरोबरीचा वाटा देणारा कायदा पास झाला. दोनच वर्षांत त्यातला पालकत्वाचा भाग पुन्हा पातळ केला, ते वेगळं.

त्याच १८६० च्या डिसेंबरातली एक गोष्ट फार कोणी सांगत नाही, पण मला खटल्याइतकीच मोठी वाटते. मॅसॅच्युसेट्सच्या एका राज्य सिनेटरची बायको नवऱ्याच्या छळाला कंटाळून मुलीला घेऊन पळाली आणि अँथनीकडे आली. अँथनीने त्या दोघींना घेऊन रेल्वेने न्यूयॉर्क गाठलं. रात्र झालेली, बरोबर पुरुष नाही म्हणून हॉटेलवाले खोली देईनात. शेवटी एका ठिकाणी ही बसूनच राहिली, म्हणाली पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, मी इथून हलणार नाही, तेव्हा कुठे खोली मिळाली. नंतर गुलामगिरीविरोधी चळवळीतले तिचेच मोठमोठे सहकारी तिच्या मागे लागले की मुलगी बापाला परत कर, कायद्याने ताबा बापाचा आहे. तिने पत्ता दिला नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पळालेल्या गुलामाला मदत करताना आपण कायदा मोडतोच ना, मग या बाईसाठीही मोडेन. (त्या मुलीला पुढे बापाच्या माणसांनी रस्त्यातून उचललंच.) ताब्याच्या केसेस चालवताना मला ही हॉटेलमध्ये ठाण मांडून बसलेली बाई हटकून आठवते.

आता मताधिकाराकडे. यादवी युद्धानंतर १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली. तिचा पहिला भाग म्हणतो की अमेरिकेत जन्मलेली प्रत्येक व्यक्ती नागरिक आहे आणि नागरिकांचे विशेष हक्क कोणतंही राज्य कमी करू शकत नाही. पण दुसऱ्या भागात, मतदारांच्या संदर्भात, घटनेत पहिल्यांदा 'पुरुष' हा शब्द घुसला. १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वंशावरून मत नाकारता येणार नाही असं म्हटलं, लिंगाचा उल्लेखच नाही. यावरून अँथनी आणि स्टँटन यांनी पंधराव्या दुरुस्तीलाच विरोध केला आणि त्या रागात काळ्या पुरुषांबद्दल जी भाषा वापरली गेली ती वाचताना आजही वाईट वाटतं. ज्यांच्यासाठी ती आयुष्यभर गुलामगिरीविरुद्ध लढली त्यांनाच तिने या वळणावर दुखावलं. प्रेझेंटेशनमध्ये हे झाकू नका, मी तिच्यावर इतकं प्रेम करूनही झाकत नाही.

मग सेंट लुईसच्या मायनर नवरा-बायकोने एक युक्तिवाद काढला: बाई ही 'व्यक्ती' आहे, म्हणून नागरिक आहे, आणि मत हा नागरिकाचा विशेष हक्क आहे, म्हणजे चौदाव्या दुरुस्तीने बायकांना मत आधीच मिळालंय, आपण फक्त जाऊन टाकायचं. नाकारलं तर केस लावायची. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केस.

१ नोव्हेंबर १८७२, शुक्रवार. रॉचेस्टरच्या आठव्या वॉर्डात मतदार नोंदणी एका न्हाव्याच्या दुकानात चालू होती. अँथनी तीन बहिणींना घेऊन तिथे गेली, चौदावी दुरुस्ती वाचून दाखवली, राज्याच्या घटनेतला मताधिकाराचा भाग वाचून दाखवला आणि म्हणाली नाव घेतलं नाहीत तर तुमच्यावर वैयक्तिक नुकसानभरपाईचा दावा लावीन. ती पोरसवदा माणसं होती, गोंधळली, नावं घेतली. मग ती हेन्री सेल्डन या वकिलाकडे गेली, जे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते. त्यांनी अभ्यास करून सांगितलं की माझ्या मते तुम्हाला मताचा अधिकार आहे. ५ नोव्हेंबरला सकाळी सातला तिने मत टाकलं, राष्ट्राध्यक्षपदासाठी ग्रँटला. त्या वॉर्डात तिच्याबरोबर आणखी चौदा बायकांनी मत टाकलं.

१८ नोव्हेंबरला डेप्युटी मार्शल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टाचा अधिकारी, घरी आला. बिचारा संकोचला होता, म्हणाला कमिशनरसाहेबांना भेटायला सवडीने या. तिने विचारलं, पुरुषांना असंच अटक करता का? आणि हात पुढे केले, बेड्या घाला म्हणून. त्याने घातल्या नाहीत. ट्राममध्ये कंडक्टर तिकीट मागायला आला तर तिने मार्शलकडे बोट दाखवलं, मी सरकारी खर्चाने चाललेय, पैसे यांच्याकडून घ्या.

गुन्हा कोणत्या कायद्याखाली लावला ते नीट बघा. १८७० चा एन्फोर्समेंट ॲक्ट, कलम १९. हा कायदा केला होता दक्षिणेत काळ्या मतदारांना धमकावणाऱ्यांविरुद्ध, आणि त्यातलं 'अधिकार नसताना जाणूनबुजून मत देणं' हे वाक्य उचलून लावलं एका बावन्न वर्षांच्या माजी शिक्षिकेला. कमाल शिक्षा तीन वर्षं कैद किंवा ५०० डॉलर दंड किंवा दोन्ही.

आता जामीन. बाकीच्या चौदा जणींनी जामीन दिला, अँथनीने नाही दिला. हट्टापोटी नाही दिला, हे लक्षात घ्या. त्या काळात अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टातल्या, फौजदारी खटल्यात दोषी ठरलेल्याला सुप्रीम कोर्टात सरळ अपील करायचा हक्कच नव्हता. दोन न्यायाधीश बसले आणि त्यांच्यात मतभेद झाला तर तो मुद्दा वर पाठवता यायचा, नाहीतर एकच वाट, हेबिअस कॉर्पस. म्हणजे मला बेकायदा डांबलंय म्हणून अर्ज करायचा, आणि त्यासाठी आधी डांबलेलं असायला लागतं. तिची कोठडी हीच तिची वर जायची शिडी होती. जानेवारी १८७३ मध्ये ऑल्बनीला न्यायाधीश हॉल यांनी हेबिअस कॉर्पस नाकारला आणि जामिनाची रक्कम ५०० वरून १००० डॉलर केली. ती म्हणाली नाही भरणार, मी जेलमध्ये जाते.

आणि सेल्डनने स्वतःच्या खिशातून भरून टाकला.

त्याचं म्हणणं, आपण ओळखतो मान देतो अशा बाईला डोळ्यांदेखत तुरुंगात जाताना मला बघवेना. कोर्टातून बाहेर पडताना दुसरे वकील व्हॅन व्हूरिस भेटले, ते म्हणाले तुमची सुप्रीम कोर्टाची वाट बंद झाली. ती धावत परत गेली जामीन रद्द करा म्हणून, पण उशीर झाला होता.

इथे मला माझं सांगावंसं वाटतं. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी माझ्याकडे रास्ता रोकोत अटक झालेल्या एक अंगणवाडी सेविका होत्या, पन्नाशीच्या, मानधनाच्या मागणीसाठी बसलेल्या. त्या जातमुचलका लिहून द्यायला तयार नव्हत्या, कारण त्या आत असेपर्यंत बाहेरच्या बायका हटणार नव्हत्या. मला त्यांचं ब्लडप्रेशर दिसत होतं, कोठडीतली घाणेरडी चादर दिसत होती. मी त्यांच्या मुलाला समजावलं, त्याने आईला भरीस घातलं, पैसे मी भरले, संध्याकाळी त्या बाहेर. दुसऱ्या दिवशी धरणं उठलं. त्या मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही मला सोडवलंत, पण माझं म्हणणं आतच राह्यलं बघा." हे वाक्य मी विसरलेले नाही. तेव्हापासून जामिनाचा अर्ज टाइप करायला देण्याआधी मी अशिलाला शांतपणे विचारते की तुम्हाला खरंच बाहेर यायचंय का. नव्व्याण्णव टक्के लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात, पण एखादा असतो ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.

म्हणून सेल्डनबद्दल मला राग येत नाही. त्याने जे केलं ते आमच्यापैकी कोणीही केलं असतं.

खटला लागेपर्यंत अँथनीने मन्रो काउंटीतल्या (रॉचेस्टर ज्यात येतं तो जिल्हा) पोस्ट ऑफिसच्या सगळ्या २९ वस्त्यांमध्ये भाषणं दिली, विषय एकच, नागरिकाने मत देणं गुन्हा आहे का? ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे बारा सामान्य नागरिक, याच काउंटीतून येणार, सरकारी वकील क्राउली घाबरले आणि खटला शेजारच्या ऑन्टारियो काउंटीत, कॅनन्डेग्वाला हलवून घेतला. मग तिने तिथल्या २१ गावांत भाषणं दिली, मैत्रीण मटिल्डा जॉस्लिन गेज हिने १६ ठिकाणी. हातात होते जेमतेम तीन-चार आठवडे.

१७ जून १८७३. न्यायाधीश वॉर्ड हंट, सुप्रीम कोर्टावर नुकतीच नेमणूक झालेली. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश फिरतीवर जाऊन खालचे खटलेही चालवायचे. ज्युरीत बारा पुरुष, कारण बायका ज्युरीत नसायच्याच. सेल्डनने अँथनीला साक्षीला बोलावलं तर क्राउलींनी हरकत घेतली, आरोपी स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायला पात्र नाही. त्या वेळच्या फेडरल कायद्यात ते बसत होतं, हरकत मान्य झाली. पण आधीच्या चौकशीत ती काय बोलली होती हे सांगायला सहायक सरकारी वकिलाला मात्र पिंजऱ्यात उभं केलं. म्हणजे तिचे शब्द चालतात, ती चालत नाही. आपल्याकडे साध्या मारामारीच्या केसमध्येही आरोपीचा जबाब होतो (जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३१३, २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१), आरोपीला विचारलं जातं की तुझ्याविरुद्ध हे हे आलंय, तुला काय म्हणायचंय. तेवढंही तिला नाही मिळालं.

सेल्डन तीन तास बोलले. त्यांचा मुद्दा साधा होता: हेच कृत्य तिच्या भावाने केलं असतं तर ते निर्दोष नव्हे, कौतुकाचं ठरलं असतं. म्हणजे गुन्हा कृत्यात नाही, करणारी बाई आहे यात आहे. शिवाय 'जाणूनबुजून' कुठे आहे? वकिलाचा सल्ला घेऊन, प्रामाणिक समजुतीने मत दिलं, मग गुन्हेगारी हेतू आला कुठून? हा मुद्दा ज्युरीसमोर गेला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही, बारातल्या एकाने जरी 'दोषी' म्हणायला नकार दिला असता तरी निकाल अडला असता.

तो गेलाच नाही. युक्तिवाद संपल्या संपल्या हंट यांनी खिशातून कागद काढला. निकाल लिहून आणलेला! चौदाव्या दुरुस्तीने बायकांना मत मिळत नाही, अधिकार आहे असं तिला वाटणं हा बचाव नाही, सबब ज्युरीने दोषी ठरवावं. सेल्डन म्हणाले फौजदारी खटल्यात असा हुकूम देता येत नाही, निदान प्रत्येक ज्युररला विचारा. हंट यांनी नाही म्हटलं. क्लार्कने ठरीव वाक्य म्हटलं की कोर्टाने नोंदवलेला तुमचा निकाल ऐका, आणि ज्युरी घरी गेली. बारा जणांपैकी एकानेही तोंड उघडलं नव्हतं. वीस-बावीस वर्षांनी, १८९५ मध्ये, त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितलं की फौजदारी खटल्यात न्यायाधीशाला ज्युरीला 'दोषी' असा निकाल देण्याचा आदेश देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी फेरखटल्याचा अर्ज फेटाळला आणि हंट यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, शिक्षेबद्दल काही म्हणायचंय का? आमच्याकडेही हा प्रश्न विचारतात आणि उत्तर ठरलेलं असतं, साहेब लहान लेकरं आहेत, घरात कमावतं कोणी नाही, दया करा. अँथनी उठली आणि म्हणाली, हो, पुष्कळ म्हणायचंय. तुमच्या या हुकमी निकालाने तुम्ही आमच्या राज्यपद्धतीचं प्रत्येक मूलतत्त्व पायदळी तुडवलंय. हंट म्हणतायत खाली बसा, कोर्ट हे चालू देणार नाही, आणि ती थांबत नाही. तक्रार करणाऱ्या वॉर्डातल्या माणसापासून बाकावरच्या तुमच्यापर्यंत एकही माणूस माझ्या बरोबरीचा नाही, सगळे माझे राजकीय मालक. हंट म्हणाले तुझा खटला कायद्याच्या रीतीनेच झाला. ती म्हणाली, हो, पण ती रीत पुरुषांनी केलेली, पुरुषांनी अर्थ लावलेली, पुरुषांनी चालवलेली, पुरुषांच्या बाजूची आणि बायकांच्या विरुद्ध. काही वर्षांपूर्वी पळणाऱ्या गुलामाला घोटभर पाणी देणं हाही रीतसर गुन्हाच होता, याची तिने आठवण करून दिली.

शेवटी शिक्षा: १०० डॉलर दंड आणि खटल्याचा खर्च. ती म्हणाली या अन्यायी दंडातला एक डॉलरही मी भरणार नाही. माझ्याकडे आहे काय, तर माझ्या वर्तमानपत्राचं १०,००० डॉलरचं कर्ज. (ते कर्ज तिने भाषणं देऊन देऊन १८७६ पर्यंत फेडलं, सगळं.)

आणि आता ते वाक्य, ज्यासाठी मी हे सगळं लिहिलं. आपल्याकडे दंडाच्या शिक्षेच्या खाली एक ओळ असते, 'दंड न भरल्यास इतके दिवस साधी कैद'. हंट यांनी बरोबर तीच ओळ काढून टाकली. म्हणाले, दंड भरेपर्यंत तुम्हाला कैदेत ठेवायचा हुकूम कोर्ट देत नाही. वरवर ही दया वाटते. पण तिला कैद झाली असती तर दुसऱ्याच दिवशी हेबिअस कॉर्पस घेऊन ती वर गेली असती. एका वाक्यात त्यांनी शिक्षाही दिली आणि शिक्षेविरुद्ध जायचा रस्ताही बुजवला. हंट सुप्रीम कोर्टातच बसायचे, आपण काय करतोय हे त्यांना कळत नव्हतं असं मी तरी मानत नाही.

मार्शलने नंतर रिपोर्ट दिला की जप्त करण्याजोगी मालमत्ता सापडली नाही. सरकारने पुढे काहीच केलं नाही, बाकी चौदा बायकांवरचे खटलेही सोडून दिले. जेलमध्ये कोण गेलं, तर नावं नोंदवून मतं स्वीकारणारे ते अधिकारी. त्यांना २५ डॉलर दंड झाला, त्यांनीही भरला नाही, त्यांना मात्र फेब्रुवारी १८७४ मध्ये आत टाकलं. मत देणाऱ्या बायका त्यांच्यासाठी रोज घरून जेवण पाठवायच्या. आठवडाभरात राष्ट्राध्यक्ष ग्रँटने त्यांना माफी दिली.

मग मताचा मुद्दा सुप्रीम कोर्टात कधी गेला? व्हर्जिनिया मायनरच्या केसमधून, कारण तिने मत देऊन गुन्हा केला नव्हता, नोंदणी नाकारली म्हणून दिवाणी दावा लावला होता, आणि दिवाणीत अपील होतं. विवाहित असल्यामुळे तिला एकटीला दावा लावता येईना, नवऱ्याला वादी म्हणून बरोबर घ्यावं लागलं, मिझुरीचा कायदाच तसा. २९ मार्च १८७५ ला एकमताने निकाल आला: बायका नागरिक आहेत, पण नागरिकत्वात मत येत नाही. त्यानंतर घटनादुरुस्तीशिवाय मार्गच उरला नाही. तो प्रस्ताव १८७८ मध्ये सिनेटमध्ये मांडला गेला आणि १९२० मध्ये एकोणिसावी दुरुस्ती म्हणून आला. अँथनी १३ मार्च १९०६ लाच गेली होती.

तुम्ही महाराष्ट्रातल्या म्हणून एक जोड देते: १८८८ मध्ये अँथनी आणि तिच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय महिला परिषद भरवली, तिथे आपल्या पंडिता रमाबाई बोलल्या होत्या.

२०२० मध्ये, १८ ऑगस्टला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी अँथनीला मरणोत्तर माफी दिली. रॉचेस्टरला तिचं घर आहे, आता म्युझियम, त्यांनी ती माफी नाकारली. माफी घ्यायची म्हणजे तो खटला रीतसर होता हे कबूल करायचं, आणि तिने दंड भरला नाही तो नेमका हेच कबूल करायचं नाही म्हणून.

प्रेझेंटेशनसाठी एक सांगते. खटल्याचं सगळं कामकाज अँथनीने स्वतः १८७४ मध्ये छापून घेतलं होतं, ते आज फुकट वाचायला मिळतं. तिचं शेवटचं भाषण सगळेच वाचतात, तुम्ही आधी सेल्डनचा युक्तिवाद पूर्ण वाचा, मग हंट यांचा निकाल, आणि सेल्डनच्या किती मुद्द्यांना त्यात उत्तर आहे ते पेन्सिलने खुणा करत मोजा.